मथुराबाईंच्या पानावरचे तूप

एकदा एक वृद्ध वैद्यबुवा नर्मदा परिक्रमेला निघाले आणि जाताना आपला दवाखाना शिष्याच्या स्वाधीन करून गेले. शिष्य हुशार होता. हुशार माणसांना एक खोड असते. उत्तर ठाऊक असले की ते प्रश्न पुरता ऐकून घेत नाहीत. याचेही तसेच होते.

त्याच सुमारास पेठेतली एक म्हातारी आतड्याच्या कर्करोगाने गेली. गावातल्या साऱ्या वृद्ध स्त्रियांच्या पोटात भीतीने गोळा उठला, आणि गोळा उठताच प्रत्येकीला वाटले, हाच तो! दवाखान्यात रीघ लागली. स्निग्ध खाणे बाधते, असे शिष्याने कुठेसे वाचले होते. त्याने विचार केला, या बायका पथ्य पाळायच्या नाहीत, पण नेम मात्र प्राणापलीकडे पाळतील. आषाढ लागलाच होता. चातुर्मासात कोणी कांदा सोडते, कोणी वांगे. त्याने जाहीर केले, "यंदा तूप-तेल सोडा. हा रोग तुमच्या उंबऱ्याशीही यायचा नाही, हा माझा शब्द!"

नेम म्हटला की चढाओढ आलीच. गिरजाबाईंनी तूप सोडले, तर ठकूबाईंनी तेलही सोडले. तिसरीने दुधावरची साय सुनेला देऊन टाकली; सासरी आल्यापासून त्या सुनेने साय अशी प्रथमच चाखली. कोणी पुरणपोळी पाण्याशी खाल्ली. निरांजनात तूप घालताना नाकाला पदर लावणाऱ्याही निघाल्या. या सर्वांच्या अग्रणी मथुराबाई, म्हणजे पेठेतल्या तुपाच्या व्यापाऱ्याच्या मातोश्री. चातुर्मास संपला तरी त्यांनी नेम सोडला नाही. मग इतर कशा सोडतील?

व्यापारी रडकुंडीला आला. "धाकटे वैद्य, गिऱ्हाईक तोंडावर विचारतं, तुमच्या घरातच खात नाहीत तर आम्ही का खावं?"

शिष्य मंद हसला. त्याला तो आपला विजय वाटला.

माघात मथुराबाई दवाखान्यात आल्या. चेहरा उतरलेला, ओठ पांढुरके. "बाळ, जिना चढताना धाप लागते," त्या म्हणाल्या, आणि थोडे थांबून, "आणि दुसरंही एक होतं..."

"आजी, शरीर हलकं होतंय. ही नेमाचीच खूण," शिष्य म्हणाला आणि त्याने पुढच्या रुग्णाला हाक मारली. दुसरे ते काय होते ते मथुराबाईंनी गिळून टाकले आणि त्या घरी गेल्या.

चैत्रात वैद्यबुवा परतले. शिष्याने पाय चेपता चेपता सारे सांगितले. "गुरुजी, पन्नास बायका नेम पाळताहेत. वर्ष होत आलं, पोटाची तक्रार एकीचीही नाही."

"एकीचीही नाही?"

"एकीचीही नाही!"

वैद्यबुवांनी पाय आखडून घेतले. "साठी उलटलेल्या पन्नास बायका, आणि तक्रार एकीचीही नाही? मग काहीतरी मोठंच बिघडलंय. उद्या सगळ्यांना जेवायला बोलाव. आणि मथुराबाईंच्या मुलाकडून साजूक तूप आण, चांगलं कढवून."

परिक्रमेच्या उन्हाचा गुरुजींच्या डोक्यावर परिणाम झाला असावा, असे शिष्याला वाटले. पण आज्ञा ती आज्ञा.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. पाने वाढली, वरणभात वाढला. भातावर तुपाची धार पडल्याखेरीज आपल्याकडे पंगत हात लावत नाही, हे वैद्यबुवांना पक्के ठाऊक होते. शिष्य तुपाची तपेली घेऊन उभा होता. वास असा दरवळला की ठकूबाईंनी डोळे मिटून नामस्मरण सुरू केले.

वैद्यबुवा म्हणाले, "नेम मोडा असं मी म्हणणार नाही. जिला कसलाही त्रास नाही, तिनं खुशाल कोरडा भात खावा. पण आजाऱ्याला नेम माफ असतो. जिला काही होत असेल तिनं माझ्या कानात सांगावं, तिच्या पानावर तूप पडेल. दोष माझ्या माथी."

बायका एकमेकींच्या पानाकडे पाहू लागल्या. मग गिरजाबाईंनी हळूच बोट वर केले. "मला जरा गॅस..."

"कानात, गिरजाबाई, कानात."

धार पडली, आणि मग काय विचारता! ठकूबाईंनी एका दमात तीन दुखणी सांगितली आणि प्रत्येकाची धार वेगळी मागितली. दोघींनी वैद्यबुवांना परत बोलावून राहून गेलेले सांगितले. तपेली घेऊन मागोमाग चालणाऱ्या शिष्याच्या कानावर कुजबुज पडत होती: कोणाला वर्षभर कोठा साफ होत नव्हता, कोणाची मूळव्याध बारा वर्षांची होती. या त्याच पन्नास जणी, एकीचीही तक्रार नसलेल्या. शिष्याची मान खाली खाली जाऊ लागली.

शेवटच्या पानावर मथुराबाई होत्या. त्या म्हणाल्या, "मला काही नाही."

"बरं," म्हणून वैद्यबुवांनी तिथेच जमिनीवर बसकण मारली. "मग मीही असाच बसतो, तुमच्या सोबतीला. तुमचं पान पुरं झाल्याशिवाय पंगतीनं सुरुवात कशी करायची?"

एकोणपन्नास जणींचे हात तुपाच्या भातावर अधांतरी राहिले. अखेर ठकूबाईंचा धीर सुटला. "मथुरे, काय असेल ते सांगून टाक गं! भात निवतोय!"

मथुराबाईंना हसू आले आणि त्या हसण्यातच डोळे भरले. त्या वैद्यबुवांच्या कानाशी वाकल्या. शिष्याला ऐकू आले, "रक्त जातंय. दसऱ्यापासून. कशी सांगू? या सगळ्या माझ्या तोंडाकडे बघून नेम धरून आहेत."

शिष्य धार धरायला वाकला, पण त्याचे डोळे मथुराबाईंच्या पांढुरक्या ओठांवर होते; धार भाताऐवजी पाटावर पडली.

"नीट वाढ," वैद्यबुवा हळूच म्हणाले.

पाने उचलल्यावर शिष्य गुरूंच्या पायाशी बसला. "गुरुजी, हे माझ्यामुळे झालं."

"रोग असेल तर तो तुझ्यामुळे आलेला नाही. आणि तूप कमी खाणं वाईटही नाही. पण परदेशात पन्नाशी उलटलेल्या हजारो बायकांना वर्षानुवर्षं कमी चरबीचं खायला लावून पाहिलं आहे. त्यांच्यात आतड्याचा कर्करोग काही कमी निघाला नाही. तू पथ्य सांगितलं असतंस तर चाललं असतं. तू शब्द दिलास, बाळा. मग जिला रक्त दिसलं तिला वाटू लागलं, आपणच कुठेतरी पापी. मथुराबाई तुझ्याकडे आल्या होत्या ना?"

"आल्या होत्या. काहीतरी सांगणार होत्या. मी विचारलं नाही."

वैद्यबुवांनी उठून मथुराबाईंच्या मुलाला बोलावणे धाडले.

दुर्बिणीच्या तपासणीसाठी जिल्ह्याच्या गावी जायचे ठरले. दुर्बीण कुठून घालतात हे कळताच मथुराबाई उसळल्या. "तिथून? या वयात? आत काय चांदण्या बघायच्यात?"

"मूळव्याध निघाली तर मी पेढे वाटीन," वैद्यबुवा म्हणाले. "पण पाहिल्यावाचून कसं कळणार?"

पेढे वाटायची वेळ आली नाही. गाठ निघाली. शस्त्रक्रिया झाली. डॉक्टर म्हणाले, काढता येण्याजोगी होती, पण आणखी उशीर परवडला नसता. शिष्य सारे दिवस रुग्णालयाच्या बाकावर बसून होता. मथुराबाईंना शुद्ध आल्यावर तो खाटेजवळ गेला. "आजी, माझं चुकलं."

"चुकलंच," त्या म्हणाल्या. "असू दे असं मी म्हणणार नाही. मेले असते मी." मग सलाईन लावलेला हात त्यांनी जपून त्याच्या हातावर ठेवला. "पुढच्या बाईला तरी विचार, बाळ."

परत आल्यावर पहिल्याच दिवशी परगावची एक म्हातारी गुडघा दाखवायला आली. शिष्याने लेप दिला. ती उठून निघाली, तसा तो म्हणाला, "आजी, जरा बसा." त्याने उठून दार लोटले. त्याचे कान लाल झाले होते, तरी त्याने विचारले, "सकाळी परसाकडे जाता तेव्हा रक्त दिसतं का कधी?"

म्हातारीने लोटलेल्या दाराकडे पाहिले, मग त्याच्याकडे. पदर सावरून ती पुन्हा बसली आणि हलक्या आवाजात सांगू लागली. ती बरेच बोलली. शिष्याने तिला मध्ये एकदाही तोडले नाही.