हमालांच्या कानांतला कापूस

एकदा एक हळदीचा व्यापारी थकलेले हृदय घेऊन एका वृद्ध डॉक्टरांच्या रुग्णालयात दाखल झाला. औषधांनी पायांवरची सूज उतरली, धाप कमी झाली; पण हृदय दुबळेच राहिले आणि दुबळे असूनही धावत राहिले. डॉक्टरांचा शिष्य रोज नाडी पाही आणि मनात म्हणे, आता याला बळ देणारे औषध हवे. व्यापाऱ्याची बायको त्यालाच विचारी, "वाचतील ना हो?"

एके सकाळी गुरूंनी नवे औषध सांगितले. ते हृदयाची गती मंद करणारे होते.

शिष्याला राहवले नाही. "सर, दमलेल्या बैलाचे पाय बांधायचे? उद्या हे गेले, तर त्या बाईंना तोंड मला दाखवायचंय."

गुरू रागावले नाहीत. ते व्यापाऱ्याजवळ खाटेवर बसले. "शेठ, वखारीतले हमाल ऐकेनासे झाले की काय करता?"

"आवाज चढवतो."

"मग ऐकतात?"

"थोडे दिवस. मग मेले कानात कापूस घालतात."

"मग तुम्ही?"

"ओरडायला मुकादम ठेवला. आता दोघं ओरडतो." व्यापारी खोकत हसला. "कापूस तेवढा वाढला."

गुरू शिष्याकडे वळले. "हृदयाच्या प्रत्येक पेशीच्या भिंतीवर असेच कान असतात. संकट आले की शरीर हाक मारते, 'धाव.' घटकाभर ती हाक तारक असते. पण हृदय दुबळे झाले की शरीर ती थांबवतच नाही. पेशी त्रासून आपले कान आत ओढून घेते. शरीराला वाटते, ही ऐकत नाही. ते आणखी ओरडते. आणि पेशीच्या आत निरोपांच्या वाटा अनेक असल्या, तरी त्या एकमेकींना मिळालेल्या असतात. धावण्याच्या वाटेवरचा गलबला शेजारच्या वाटेत शिरतो. तिथे हृदयाची भिंत जाड करणारे कामगार उगाच कामाला लागतात. त्यापलीकडे पेशीला मरण सांगणारे जागे होतात. हाक एकच, पण ती कुठेकुठे ऐकू जाते, हे हाक मारणाऱ्याला ठाऊक नसते. तुझे बळाचे औषध म्हणजे दुसरा मुकादम. मी आधी गलबला कमी करतो आहे, आणि तोही अगदी हळूहळू."

सुरुवातीला व्यापारी अधिकच गळून गेला. बायकोने शिष्याला पुन्हा विचारले, "वाचतील ना हो?" तो तडक गुरूंकडे गेला. "सर, बंद करू या."

"कान बाहेर यायला वेळ लागतो," गुरू म्हणाले. "तोवर त्यांच्याजवळ बस."

शिष्य बसला. मात्रा सावकाश वाढत गेली.

हळदीचा हंगाम उलटल्यावर व्यापारी स्वतःच्या पायांनी जिना चढून आला. शिष्याने छातीला स्टेथोस्कोप लावला. ठोका संथ होता, भरीव होता. तो बराच वेळ ऐकत राहिला.

"हमाल काय म्हणतात?" त्याने विचारले.

"कापूस काढला त्यांनी," व्यापारी हलक्या आवाजात म्हणाला. "इतके महिने मला ओरडताच आलं नाही ना. आता मुकादमालाही सांगितलंय, बोल, पण जवळ जाऊन बोल."

शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी नव्या हळदीची पुडी शिष्याच्या हातात ठेवली.

थकलेल्या माणसाला कामचुकार ठरवून त्याच्या डोक्यावर आणखी एक ओरडणारा बसवणाऱ्यांनी निदान एकदा स्वतःच्या छातीवर हात ठेवून पाहावा.