चेंबरवरचं नाव

कोल्हापुरात जीपच्या शर्यती खेळणाऱ्यांत रणधीर इंगवल्यांचा आवाज सगळ्यात मोठा. त्यांच्या जीपसाठी वर्कशॉपवाल्या सुलक्षणा चौगुलेने इंजिनाखालचा तेलाचा चेंबर खास आखून बनवला. तेल जास्त मावावं म्हणून तिने तो फार खोल केला, आणि भर शर्यतीत दगड लागून तो फुटला. सुलक्षणाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उथळ, रुंद असा नवा चेंबर घेऊन ती आली, तेव्हा इंगवल्यांनी चार लोकांदेखत फुटका चेंबर तिच्या हातात ठेवला.

"मॅडम, या वेळी तळाला ठळक अक्षरांत तुमचं नाव कोरा. फजिती कुणामुळे झाली, ते लोकांना वाचू दे."

सगळे हसले. मान खालीच ठेवून सुलक्षणा म्हणाली, "फुटक्यावर माझं नाव कोरते, साहेब. ती चूक माझीच. नव्यावर मात्र तुमचं कोरावं लागेल."

"माझं कशाला?"

"तळाचं नाव लोकांना वाचता येईल ते जीप उलटल्यावरच. आणि चालवणार तुम्ही."

पुन्हा हशा पिकला. या वेळी मान इंगवल्यांची खाली गेली.

नवा चेंबर कोराच राहिला. सुलक्षणाचं नाव कोरलेला फुटका चेंबर मात्र तिच्या वर्कशॉपच्या दारावर टांगलेला आहे. तो वाचायला काही उलटावं लागत नाही.