पश्चिमेच्या भिंतीची चौकट

"माह्या चौकटीत काय कमी हाय, बुवा?"

हिरामण सुताराने सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारलं.

आत्माराम बुवा सुपारी कातरत होते. मठात येण्याआधी त्यांनी चाळीस वर्षं सुतारकी केली होती. अजूनही कोणी ज्ञान मागायला आलं, की ते आधी त्याच्या हातात रंधा देत.

हिरामण त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकत होता. दौलत फक्त दोन.

मठात वाटसरूंसाठी नवी खोली होत होती. पश्चिमेला, देवळाच्या बाजूने, एक खिडकी, समोर पूर्वेला तेवढ्याच मापाची दुसरी. बुवांनी दोघांनाही पश्चिमेच्या खिडकीची चौकट झडपांसकट करायला सांगितली होती. दौलतने सागाची केली. हिरामणने शहरात जाऊन अ‍ॅल्युमिनियमची करून आणली.

बुवांनी दोन्ही पाहिल्या आणि ते म्हणाले, "दौलतची लावा."

एवढंच. त्यानंतर ते सुपारी कातरायला बसले होते.

"अकरा वर्षं..." हिरामण म्हणाला.

"त्याची चौकट कशी हाय रे?" बुवांनी विचारलं.

"कशी म्हणजे? सागाची. डाव्या अंगाला खालून हातभर वर एक गाठ हाय. जवसाचं तेल तीन वेळा पाजलं त्यानं. चौथ्यांदा पाजणार होता, बुधवारी तेल संपलं."

"बरंच ध्यान हाय तुहं. अन् या भिंतीवर ऊन किती वाजता येते? किती वाजेपर्यंत राहते?"

हिरामणने भिंतीकडे पाहिलं. मग आपल्या पायांकडे.

"दौलतनं साग घेतला नसता, तर तू काय घेतलं असतं?"

अडकित्ता दोनदा वाजला. तिसऱ्यांदा वाजला.

"साग," हिरामण म्हणाला.

बुवा उठले. वैशाखातली दुपार होती, चार वाजत आले होते. दोन्ही चौकटी पश्चिमेच्या भिंतीला टेकून शेजारी शेजारी उभ्या होत्या.

"ठेव हात."

हिरामणने आपल्या चौकटीवर तळवा टेकवला आणि लगेच ओढून घेतला.

"आता त्याच्या चौकटीवर ठेव."

साग तापला होता, पण हात राहिला. राहिला, याचाच हिरामणला जास्त राग आला.

"म्हणजे माही भंगारात टाका."

"भंगारात कायले? उचल."

दोघांनी ती खोलीतून पलीकडे नेली. पूर्वेच्या भिंतीवर कडुलिंबाची दाट सावली होती. तिथे ऊन फिरकत नव्हतं. खाली भांडी घासायची मोरी होती. पाणी उडून उडून भिंत ओली झाली होती, आणि पायथ्याशी वाळवीने मातीच्या रेघा काढल्या होत्या.

"इथं लाकूड फुगते," बुवा म्हणाले. "फुगलं नाही, तर उधई खाते. तुह्या चौकटीले दोघांचंही भेव नाही. इथं लाव."

हिरामणचा चेहरा उतरला.

"मोरीवर? त्याची देवळासमोर, अन् माही मोरीवर? येणारा-जाणारा त्याचं नाव घेईन, बुवा. माह्या चौकटीखाली लोक तवे घासतीन!"

"घासतीन. रोज घासतीन."

तेवढ्यात दौलत आला. चौकट पाहून तो थांबला.

"वा, हिरामणदादा! चांदीवानी चमकून राहिली की!"

दौलतने न सांगता चौकट सरळ धरली. हिरामणने पाचरी ठोकल्या, जरा जास्तच जोराने. मग दौलत आपली चौकट बसवायला गेला, तेव्हा ती धरायला कोणी नव्हतं. त्याने एका हाताने धरली, दुसऱ्या हाताने ठोकली.

हिरामण मोरीकडे तोंड करून हातोडी पुसत राहिला.

सूर्य मावळतीला आला तेव्हा दोन्ही खिडक्या बसल्या होत्या. दौलत घामाने निथळत भिंतीला टेकून बसला. बुवांनी हिरामणला खोलीच्या मधोमध बसवलं. दोन्ही खिडक्या उघडल्या.

"डोळे मीट."

हिरामणने मिटले.

आधी काही झालं नाही. मग मोरीच्या ओल्या जमिनीचा वास आला. थोड्या वेळाने वारं आलं, त्याच्या पाठीवरून, मानेवरून गेलं आणि पलीकडे निघून गेलं. पुन्हा आलं. अंगावरचा सदरा सुटा झाला. सकाळपासून वर धरलेले खांदे खाली आले.

"हे वारं कोणाचं?" बुवांनी विचारलं. "तुह्या खिडकीचं, का त्याच्या?"

हिरामणने मान इकडे वळवली, तिकडे वळवली.

"सांगता येत नाही, बुवा."

वारं येत राहिलं.

"डोळे उघडू काय?" हिरामणने बऱ्याच वेळाने विचारलं.

"घाई काय हाय?" बुवा म्हणाले. "उघडले, की तुले दौलतच दिसन."