आनशीचे दिवस

फार वर्षांपूर्वी खाडीकाठच्या खाजणवाडीत घरं मोजकी होती, पण माड आजच्या दुप्पट उंच होते. असं म्हणतात. म्हातारे हात वर करून ती उंची दाखवतात, आणि दरवर्षी हात आणखी थोडा वर जातो. त्या वाडीत आनशी राहायची. तिचा नवरा सोमा पाडेली होता, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा.

पाडेल्यांची एक रीत होती. माडावरून पडलेल्याने दिवस बुडायच्या आत त्याच माडावर पुन्हा चढायचं. नाही चढला तर भीती अंगात घर करते आणि माड रुसतो. एका सकाळी सोमा पडला. पडला तसा उठला आणि हसला. "काय झाला नाय माका," म्हणाला, पेज प्यायला आणि पुन्हा चढला. खाली आला तो डोकं धरूनच. मग ओकला, मग तेच तेच विचारू लागला, मग झोपून घोरू लागला. दमला बिचारा, म्हणून लोकांनी त्याला निजू दिलं. संध्याकाळी घोरणं थांबलं.

डोक्यावर साधं खरचटलेलंही नव्हतं, मग माणूस गेला कशाने? आनशीला चैन पडेना. असं म्हणतात, तिने त्या माडाखाली पडलेले सगळे नारळ फोडले. एकाची करवंटी धड होती, पण आतलं खोबरं सुटून त्याचा पाण्यात चुरा झाला होता. मग तिने दुसऱ्या नारळात भोकातून चवळी भरली, पाणी ओतलं आणि भोक बुजवलं. दुसऱ्या दिवशी फोडून बघते तर चवळी फुगून एकमेकींत चेपलेली, कारण करवंटी काही मोठी झाली नव्हती. तेव्हा आनशीला उमगलं. सोमाच्या डोक्यात दिवसभर सूज चढत होती, आणि आपण आधी त्याला माडावर चढवलं, मग एकटं निजवलं. त्या दिवशी ती नवऱ्यासाठी दुसऱ्यांदा रडली.

वर्षं गेली. तिचा मुलगा भिवा पाडेली झाला, आणि तोही पडला. तोही हसत उठला.

"दिस बुडूच्या आदी चढूक व्हया," वाडीचे गावकर, म्हणजे गावचे मानकरी, म्हणाले, "नायतर माड रुसतलो."

आनशीने माडाला मिठी मारली. "रुसांदे! माज्या झिलाक मी चढूक देवचंय नाय."

"आये, लोक माका भित्रो म्हणतले," भिवा कळवळून म्हणाला, आणि तिथेच ओकला.

तिने त्याला निजवलं, डोकं उंच, मान सरळ. घटकाघटकाने हलवून विचारायची, "बापाशीचा नाव काय?" भिवाला सांगता येईना. तिने वाडीला गप्प राहायला सांगितलं, आणि असं म्हणतात की कोंबडे आरवले नाहीत, झावळी हलली नाही, भरतीसुद्धा पाऊल न वाजवता आली. तीन दिवस असे गेले. चौथ्या दिवशी भिवा तिच्यावर खेकसला, "सोमा! कितीदा विचारतंस गे?"

आनशीने पदर तोंडाशी धरला.

भिवाचा डावा हात पुढे अधूच राहिला. तो माडावर कधी चढला नाही, पण सुंभ वळत म्हातारा झाला. आनशीने पुढे कितीजणांची डोकी राखली याचा आकडा सांगणाऱ्यागणिक वाढतो. सगळेच वाचले नाहीत, हेही सांगतात.

आता तालुक्याहून रुग्णवाहिका येते. तरी कुणी माडावरून पडला की खाजणवाडीचे सगळे पाडेली कोयते खाली ठेवतात. तो बरा होऊन घरी येईपर्यंत कुणीच चढत नाही, मग खाली बसण्याची लाज त्या एकट्याला वाटत नाही. नारळ सुकून पडतात, ते पडू देतात. त्या दिवसांना वाडी आनशीचे दिवस म्हणते.