बशीतली मुकी

माझ्या शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. माझी शाळा लहानपणीच सुटली, म्हणून शब्दही साधेच आहेत.

फार पूर्वी एका प्रयोगशाळेत, काचेच्या बशीत, मुकी नावाची जंतूबाई राहायची. जंतू वास सोडून एकमेकांशी बोलतात, पण मुकीला स्वतःचा वासच नव्हता. दुसऱ्यांचा वास आला, की ती वांग्यासारखी जांभळी व्हायची, एवढंच.

एकदा मलमातले काही जंतू तपासणीसाठी तिच्या शेजारी ठेवले. भाजलेल्या पेशंटांकडे ते मलम त्याच दुपारी जायचं होतं.

"वास सोडा रे, किती जण आहोत ते कळू दे," त्यांचा म्होरक्या म्हणाला. "पुरेसे झालो की जखमेवर तुटून पडू."

"दादा, शेजारीण ऐकतेय."

"ऐकू दे. ती मुकी कुणाला सांगणार?"

मुकी जांभळी व्हायला लागली.

"अगं ए, रंग आवर," म्होरक्या ओरडला. " बाई येतायत."

तिला तो आवरेना. तपासणीच्या शकुंतलाबाईंनी बशी उजेडात धरली. "इथे कुजबुज चाललीय," त्या म्हणाल्या आणि त्यांनी मलम थांबवलं.

एवढं लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आमच्या डेअरीच्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिलो. तोंडातून शब्द फुटेना.

साहेब बघत राहिले. मग म्हणाले, "कान लाल झालेत तुझे. दुधात कोण काय घालतंय?"