फणसाची सावली आणि अर्धं राज्य

धामणकोटच्या रणधवल महाराजांचे केस गळायला लागले आणि संक्रांत आली ती फणसांवर.

झालं असं, की महाराजांनी मोबाइलवर एक वेबसाइट वाचली. 'फणसाच्या सावलीत बसणाऱ्याला टक्कल पडतं,' असं तिथं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. शेजारी एका तुळतुळीत टकल्याचा फोटोही होता. महाराज उन्हाळ्यात रोज फणसाखालीच वामकुक्षी करायचे. त्यांनी पगडी काढून डोक्यावरून हात फिरवला आणि हुकूम सोडला, "राज्यातले सगळे फणस तोडा!"

दरबारात एकानंही 'का' म्हणून विचारलं नाही. प्रधान त्र्यंबकपंतांनी तर हुकूम संपायच्या आत ती माहिती साऱ्या गोतावळ्याला पाठवून दिली. पंतांच्या डोक्यावर ऐन तारुण्यातच एक केस उरला नव्हता आणि फणसाच्या सावलीला ते जन्मात बसले नव्हते. पण इतक्या तपशिलात शिरायला प्रधानांना वेळ कुठला?

हुकूम डोंगरातल्या आवडीच्या कानावर गेला. तिची आणि तिच्या आईची फणसाची राई होती. गरे आटवून, फणसपोळ्या वाळवून मायलेकी पोट भरत होत्या. नवीन झाड लावलं, तर फळाला यायला कैक वर्षं जाणार. तोवर खायचं काय? ती तडक दरबारात गेली.

"महाराज, आमच्या घरात चार पिढ्या फणसाखाली बसल्यात. आमच्या आजीचा अंबाडा अजून मुठीत मावत नाही."

"तुझ्या आजीची वेबसाइट आहे का?" महाराजांनी विचारलं.

"नाही."

"मग?"

दरबार खदखदून हसला. आवडीला राग आला, पण तिनं तो गिळला.

"पण हे लिहिलंय कुणी?"

"कुणी का असेना, लिहिलंय ना? वेबसाइटवर आलं ते खरं, हा आजपासून धामणकोटचा कायदा. तुला ते खोटं पाडायचंय? मग लिहिणाऱ्याला उद्या इथं उभा कर आणि 'मी खोटं लिहिलं' असं त्याच्याच तोंडून वदवून घे. नाहीतर पहिली कुऱ्हाड तुझ्या राईत!"

आवडीनं ते पान उघडून वरपासून खालपर्यंत पाहिलं. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही, तारीख नाही. तळाशी तेवढी केस उगवणाऱ्या तेलाची जाहिरात. असल्या माणसाला उभा करायचा तरी कुठून? पण फणसपोळ्या विकण्यासाठी आवडीनं स्वतःच एक वेबसाइट काढली होती. त्यामुळे वेबसाइट काढायला काय काय लागतं, हे तिला माहीत होतं. खरं बोलणं त्यात कुठंच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी महाराज गच्चीत आले, तर खाली आवडी आणि तिची आई दोरी धरून राजवाड्याचं अंगण मोजत होत्या. फाटकावर भलामोठा फ्लेक्स झळकत होता. 'अर्धे राज्य मिळाल्याबद्दल आवडीताईंचे हार्दिक अभिनंदन. शुभेच्छुक: प्रधान त्र्यंबकपंत व मित्रमंडळ.' त्यावर आवडीचा फोटो चिमुकला आणि गॉगल लावलेले पंत हत्तीएवढे.

महाराज धावत खाली आले. "हा काय प्रकार आहे?"

"राज्य मोजतेय, महाराज. स्वयंपाकघर तुम्हाला राहील, पण विहीर माझ्या अर्ध्यात येतेय."

"तुला कुणी दिलं राज्य?"

"तुम्हीच." आवडीनं मोबाइल पुढे केला. कालपर्यंत कुणी नावही न ऐकलेली वेबसाइट, 'महाराजांनी आवडीला अर्धं राज्य दिलं' अशी ठळक अक्षरं आणि सोबत महाराजांच्या हातून गदा घेणाऱ्या आवडीचा फोटो.

"अगं, ही गदा मी पैलवानाला दिली होती! धड त्याचं आणि डोकं तुझं!" महाराज पंतांकडे वळले. "काल दिवसभर तुम्ही माझ्या शेजारी होतात. मी असं काही बोललो?"

"नाही, महाराज," पंत चाचरत म्हणाले. "पण वेबसाइटवर आलं होतं. म्हटलं, अभिनंदनात दुसऱ्या कुणाचा पहिला नंबर लागायला नको."

महाराजांचा पारा चढला. "कुणी लिहिलं हे? त्याला कसं कळलं? यात त्याचा फायदा काय?"

"हे प्रश्न तुमच्या कायद्यात बसत नाहीत," आवडी म्हणाली. "लिहिणाऱ्याला उभं करा आणि 'मी खोटं लिहिलं' असं वदवून घ्या."

"तूच लिहिलंयस!"

"कुठं नाव आहे का माझं? आणि समजा लिहिणारी मीच असले, तर अर्धं राज्य सोडून कबूल कशाला करू? तो तेलवाला तरी का करेल?"

"कुठला तेलवाला?"

"तुमच्या फणसाच्या पानाच्या तळाशी आहे तो. आणि वरच्या टकल्याच्या पाठीमागे बर्फाचे डोंगर आहेत, तेही बघा. तिथं फणस कुठून आला?"

महाराजांनी ते पान पहिल्यांदाच खालपर्यंत वाचलं. बर्फ पाहिला, तेलाची बाटली पाहिली.

"आता तुम्हीच ठरवा, महाराज," आवडी म्हणाली. "कायदा ठेवलात तर अर्धं राज्य माझं. मोडलात तर राज्य सगळं तुमचं आणि फणस आमचे."

"मोडला," महाराज पुटपुटले. मग त्यांनी डोळे बारीक केले. "पण खरं सांग, कुठलं अर्धं घेणार होतीस?"

"सावलीतलं. उन्हातलं तुम्हाला ठेवलं होतं. उन्हानं केस गळतात, असं अजून कुणी लिहिलेलं नाही. लिहू का?"

महाराज पोट धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. हसता हसताच त्यांनी ती राई आवडीला कायमची इनाम दिली, वर डोंगराचा आख्खा उतार दिला.

दरबारी मात्र माना खाली घालून मोबाइल चाळत होते. महाराज हसल्याचं कुठं छापून आलंय का, ते बघून मगच हसणार होते.