रणपिसे साहेबांचं पुस्तक

गोल्फ क्लबचे सेक्रेटरी रणपिसे साहेब पुस्तक वाचून गोल्फ शिकायला लागले आणि गेनबा माळ्याच्या हिरवळीचे हाल सुरू झाले. पुस्तक जुनं, नावाजलेलं, शेंबड्या पोरालाही कळेल इतकं सोपं. तरी आठ दिवसांत चेंडू जागचा हलला नाही. ढेकळं मात्र लांब लांब उडाली.

साहेब तापले. "पुस्तक चुकत नाही, मी चुकत नाही. तुझी जमीनच वाकडी आहे. उद्यापासून येऊ नकोस."

वैतागलेल्या गेनबाने पुस्तक मिटून गवतावर ठेवलं आणि त्यावर चेंडू ठेवला. "ही जागा सरळ आहे ना साहेब? मारा इथून."

"अरे, पुस्तक फाटेल माझं."

"ते कसं काय? मारायचं तर चेंडूलाच आहे ना?"

दुसऱ्या दिवशी गेनबा वेळेवर कामाला आला. साहेबांनी त्याची हजेरी मांडली.